चाळीस गुणांचा निबंध

निबंधाला पन्नासपैकी एकोणचाळीस म्हणजे नेमकं काय? चाळीस का नाहीत आणि अडतीस का नाहीत? हा प्रश्न मला विद्यार्थ्यांनी विचारला, त्यांच्या घरच्यांनी विचारला आणि बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या दंतवैद्यानं तर माझं तोंड उघडं असताना विचारला. गणितात बरं असतं, उत्तर चुकलं की चुकलं. निबंधात सगळा अंदाजाचा कारभार, असं लोक समजतात. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्तीनंतर बारा वर्षं बेळगावच्या एका महाविद्यालयात दर रविवारी मोठ्या माणसांचा लेखनवर्ग घेतला. त्या अनुभवावर सांगते, अंदाज नसतो. निबंध तपासणं हे काम आहे, ते शिकावं लागतं, आणि ते मला चांगलं येतं. एकदाच मी ते अगदी वाईट केलं. त्याची हकीकत पुढे येईलच.

आधी काम कसं चालतं ते सांगते.

आमच्या वर्गात पंचवीसेक माणसं असायची. वकिलाकडचे कारकून, नर्स, प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका, निवृत्त झालेले बँकवाले, खानापूरकडच्या गावांतून बसनं येणारे शेतकरी घरातले नोकरदार. वर्षभरात सहा निबंध. प्रत्येकाला पन्नास गुण. नावावर आम्ही कागदाची पट्टी चिकटवायचो, म्हणजे कोणाचा निबंध ते तपासणाऱ्याला कळू नये. दोन-तीन निबंध झाले की अक्षरावरून कळायचंच, पण पट्टी लावलेली बरी. निदान आपण काय करायला बसलोय त्याची आठवण राहते.

पहिलं वाचन हातात काही न घेता. हा माझा नियम. हातात पेन असलं की डोळा चुका शोधतो आणि माणूस काय सांगतोय ते राहून जातं. दुसरं वाचन पेन घेऊन, आणि तेही उलट्या क्रमानं. कारण गठ्ठ्यातला विसावा निबंध वाचताना आपण कंटाळलेलो असतो आणि त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. उपाशीपोटी कधीच तपासायचं नाही. भुकेला मास्तर कडक होतो, हे मी स्वतःवरून सांगते. मजकुराला वीस गुण, मांडणीला पंधरा, भाषेला दहा आणि शुद्धलेखनाला पाच. "शुद्धलेखनाला फक्त पाच?" असं विचारणारे पुष्कळ भेटले. ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येतं हो. सांगायलाच काही नसेल तर ते कुठून आणायचं?

आमच्या भागात आणखी एक अडचण. इकडे बाया सर्रास "मी गेलतो", "मी आलतो" म्हणतात. पुण्याकडचा परीक्षक ते वाचून म्हणेल की बाईनं लिंग चुकवलं. मी ठरवून टाकलं होतं, लिहिणारीनं घरची बोली धरली असेल आणि शेवटपर्यंत सोडली नसेल तर एकही गुण कापायचा नाही. पहिल्या पानावर "गेलतो" आणि दुसऱ्या पानावर "प्रस्थान केले" असेल तर मात्र कापायचे.

मोबाईलवरून लिहून आणलेले निबंध अलीकडे यायला लागले. ते ओळखायला काही कष्ट पडत नाहीत. शहापुरातल्या साडीच्या दुकानात काम करणाऱ्या एका गृहस्थांनी मागावरच्या विणकरांवर निबंध दिला. भाषा एकदम गुळगुळीत. त्यात एक वाक्य होतं, "मागाच्या लयीत विणकर गाणी गातात." मी त्यांना वर्गात उभं केलं आणि विचारलं, "तुमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत ना? गाणी ऐकलीत कधी?"

ते हसायला लागले. "काय बाई, त्या आवाजात शेजारी बोललेलं ऐकू येत न्हाय. गातंय कोण?"

"मग हे लिहिलं कोणी?"

"मोबाईलनं. मी वाचलो पन न्हाय."

"मग गुण त्याला देऊ?"

त्यांनी पुढच्या रविवारी स्वतः लिहून आणलं. दोनच पानं. मागाच्या आवाजामुळे त्यांच्या वडिलांना ऐकू येईनासं झालं आणि घरात सगळे ओरडून बोलतात, एवढंच त्यात होतं. मी त्याला छत्तीस दिले. छत्तीस कसे झाले ते मी आजही ओळ न ओळ दाखवू शकते.

हे सगळं मी एकटी तपासत नसे. निपाणीहून मगदूम सर यायचे. तिथल्या हायस्कुलातून निवृत्त झालेले. किडकिडीत, कमी बोलणारे, इस्त्रीचा पांढरा शर्ट. दर रविवारी सकाळच्या बसनं यायचे आणि डबा खाऊन अडीचच्या बसनं परत. आम्ही दोघं वेगवेगळे गुण द्यायचो आणि मग सरासरी काढायचो. दोघांत सहापेक्षा जास्त फरक पडला तर समोरासमोर बसून बोलायचं, असं ठरलेलं. सर फक्त पेन्सिलीनं तपासायचे आणि शेरे लिहीत नसत. जिथं अडकले तिथं समासात एक बारीक प्रश्नचिन्ह. तेवढंच. मी त्यांना मनातून व्याकरणाचे मास्तर समजायची. म्हणजे अनुस्वार बघतील आणि माणूस बघायचा राहील, असे. हा माझा समज किती खोटा होता ते आता सांगते.

त्या वर्षी वर्गात सुनंदा बिर्जे नावाची बाई आली. वय पंचेचाळीसच्या आसपास. माहेर खानापूरकडचं शेतकरी घर, सासर पिरनवाडीत, आणि नोकरी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात. पहिल्या दिवशी ओळख करून देताना म्हणाली, "मी तपासणीत हाय. तयार झालेला पार्ट पास का रिजेक्ट ते बघतो."

मी विचारलं, "कसं बघता?"

"गेज असतं की. एका बाजूनं पार्ट आत जायाला पायजे, दुसऱ्या बाजूनं जायला न्हाय पायजे. दोन्ही झालं तर पास." मग तिनं मला विचारलं, "बाई, तुमचं गेज काय?"

वर्ग हसला. मला मात्र प्रश्न फार आवडला. मी फळ्यावर मजकूर, मांडणी, भाषा, शुद्धलेखन असं लिहिलं आणि चांगली अर्धा तास बोलले. ती सगळं वहीत उतरवून घेत होती.

तिचे पहिले तीन निबंध बेताचे होते. कारखान्याच्या फाटकावर सकाळी काय दिसतं यावर तिनं "सोनेरी किरणांची उधळण" लिहिलं, मी त्याभोवती गोल केला आणि बाजूला लिहिलं, "फाटकात उभं राहिल्यावर तुम्हाला खरंच हे दिसतं का?" चोवीस गुण दिले. ती कुरकुरली नाही. पुढच्या निबंधात फाटकावरच्या मोटारसायकली आल्या आणि हजेरीच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून तो साडीला पुसणाऱ्या बाया आल्या. एकोणतीस झाले. शिकणारी बाई होती. दाखवलेली चूक परत करायची नाही.

चौथ्या निबंधाला मी विषय दिला, "ज्या दिवसानं घर बदललं."

तिनं नवऱ्याच्या मृत्यूवर लिहिलं. नवरा टेम्पो चालवायचा. अर्धांगवायूचा झटका आला आणि चार वर्षं अंथरुणावर होता. घरात ही आणि सासू. ही कामावर गेली की सासू बघायची, आल्यावर ही. मग एका पहाटे तो गेला. एवढं सगळं तिनं फुलस्केपच्या एका बाजूवर लिहिलेल्या चार-पाच पानांत मांडलं होतं. मी घरी दिवाणखान्यात बसून वाचलं आणि रडले. माझे स्वतःचे यजमान जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. डोळे पुसून मी पेन घेतलं, बेचाळीस गुण दिले आणि खाली लिहिलं, "हृदयस्पर्शी."

"छान", "सुंदर", "हृदयस्पर्शी" हे शब्द शेऱ्यात लिहायचे नाहीत, असं मी नव्या शिक्षकांना बजावत आलेली बाई. त्या शब्दांतून विद्यार्थ्याला काहीच कळत नाही. त्या दिवशी मला त्याची आठवणही झाली नाही. दुसरं वाचन मी केलंच नाही.

मगदूम सरांचे त्याच निबंधाला सत्तावीस गुण होते. पंधराचा फरक. बसणं भागच होतं. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी निबंध माझ्यापुढे ठेवला. दुसरं पान संपून पुढचं सुरू होतं तिथं समासात त्यांचं ते बारीक प्रश्नचिन्ह होतं.

सर म्हणाले, "दुसऱ्या पानाच्या शेवटी आहे, 'त्याला घेऊन गेले आणि घर रिकामं झालं.' पुढचं पान सुरू होतं, 'तेव्हापासून सासू आणि मी एकाच ताटात जेवतो.' हे तेव्हापासून म्हणजे कधीपासून?"

"तो गेल्यापासून, सर."

"नुसतं जाण्यानं सासू-सून एका ताटात जेवायला लागतात? मध्ये काहीतरी घडलंय. ते इथं नाही. आणि 'दुःखाचा डोंगर' दोनदा आहे, 'काळाने घाला घातला' एकदा आहे. इतरांना आपण याचे गुण कापतो."

माझा आवाज जरा चढला. "सर, माणूस गेलंय तिचं. तिथं काय डोंगर मोजत बसायचं?"

सरांनी निबंध परत आपल्याकडे ओढला. मग म्हणाले, "तुम्ही म्हणता तसं असेल." आणि सत्तावीस खोडून अडतीस केले. सरासरी चाळीस. त्या वर्षातले सगळ्यांत जास्त.

निबंध परत द्यायच्या आधी मी खोडरबर घेतलं आणि समासातलं ते प्रश्नचिन्ह पुसून टाकलं. दुखावलेल्या बाईला ते दिसायला नको, असं मला वाटलं. हे लिहायला मला आजही जड जातंय.

रविवारी वर्गात मी सगळ्यांसमोर चाळीस हा आकडा वाचला आणि वर म्हणाले, "हा निबंध सगळ्यांनी मागून घेऊन वाचा." माणसं वळून सुनंदाकडे बघायला लागली. नर्सबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. तिनं निबंधाची घडी घातली, पर्समध्ये टाकली आणि वर्ग संपेपर्यंत मान वर केली नाही. मला वाटलं, भरून आलं असेल.

वर्ग सुटल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली. घडी उलगडून निबंध माझ्यापुढे पसरला.

"बाई, ह्यात तुम्ही कुठंच खूण केला न्हाईसा."

"चांगला झालाय म्हणून नाही केली."

"मागं मी सोनेरी किरणं लिवलं तवा गोल केलतासा. ह्यात डोंगर दोनदा हाय. मलाच घरी गेल्यावर दिसला. तुमास्नी दिसला न्हाय व्हय?"

मी काहीतरी पुटपुटले. प्रसंगाची तीव्रता, भावना, असलं काहीतरी.

ती म्हणाली, "आमच्यात पार्ट कुणी केलाय ते बघून पास करत न्हाईत, बाई. माझ्या सख्ख्या दिराचा पार्ट मी परत पाठवलोय. तुम्ही माझं पांढरं कपाळ बघून गुण दिलासा."

"तसं नाही गं सुनंदा."

"मग ह्यातलं एक पान न्हाय, ते कळलं न्हाय कसं?"

तिनं पर्सच्या आतल्या कप्प्यातून चार घड्या केलेला एक कागद काढला. "तिसरं पान. देताना मी टाचणीतनं काढून घेतलं. धीर झाला न्हाय. वाटलं, बाई इचारतील, मधलं काय गेलं म्हणून. इचारलं तर देऊ. कुणी इचारलंच न्हाय. वर चाळीस."

विचारलं होतं. एका माणसानं विचारलं होतं आणि मी ते खोडरबरनं पुसलं होतं. हात पुढे करून मी तो कागद मागितला, तर तिनं मागं घेतला.

"पयलं जे दिलंय त्येला बरोबर गुण द्या. मग ह्ये वाचा."

मगदूम सर शिक्षकांच्या खोलीत डबा खात होते. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. प्रश्नचिन्ह पुसल्याचंही सांगितलं. सर भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होते.

"खोडलंत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी पेन्सिल वापरतो ती मला माझं खोडता यावं म्हणून." एवढंच बोलले. मी मान खाली घातली. मग डब्याचं झाकण लावत म्हणाले, "पण अकरा गुण तर मीच वाढवले की. तुम्ही माझा हात धरला नव्हता. चला, परत तपासू."

त्या दिवशी त्यांची अडीचची बस चुकली. आम्ही दोघांनी खोलीच्या दोन टोकांना बसून तो निबंध नव्यानं वाचला. मी पेन न घेता एकदा आणि पेन घेऊन एकदा. या वेळी सगळं दिसलं. नवरा कसा होता ते त्यात कुठंच नव्हतं. सासूचा चेहरा नव्हता. चार वर्षं एका वाक्यात उरकलेली. जिथं खरं काही सुरू व्हायला हवं तिथं डोंगर कोसळत होता. माझे अठ्ठावीस झाले. सरांचे परत सत्तावीस. आम्ही अठ्ठावीस धरले. एका निबंधात बारा गुण गेले.

पुढच्या रविवारी मी वर्गासमोर उभी राहून सांगितलं, "मागच्या निबंधात माझी चूक झाली. मी एक निबंध वाचला नाही, त्याची कीव केली. त्याचे गुण बदलले आहेत."

वकिलाकडचे एक कारकून लगेच उठले. "बाई, एकदा दिलेले गुण काढून घेणं बरोबर नाही. आणि तेसुद्धा अशा बाबतीत."

मी उत्तर द्यायच्या आत सुनंदा उभी राहिली. "मीच मागितलंय," ती म्हणाली आणि खाली बसली. कारकूनही बसले.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर तिनं मला तो कागद दिला. इथं त्यातलं जे छापतेय ते तिला विचारून छापतेय.

"दुपारी दोनला मोबाईल वाजला. दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवायचा, नाहीतर पाठीला जखमा होतात, म्हणून मी गजर लावून ठेवलेला. चार वर्षं तो गजर वाजत होता. घरात माणसं बसलेली. मी उठले आणि आतल्या खोलीत गेले. खाट बाहेर काढलेली होती. मग मला कळलं की आता कोणाला वळवायचं नाही. मी गजर बंद केला. सगळे बंद केले. बारा गजर होते. मग फरशीवर आडवी झाले आणि मला झोप लागली. आपण रडायला पाहिजे असं वाटत होतं, पण झोपच पुढं आली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मी झोपले. झोपेतच सासूनं दार लावलेलं ऐकू आलं."

मी वाचून कागद खाली ठेवला. तिनं विचारलं, "किती?"

"याला मी गुण देणार नाही. हे तू तपासायला दिलेलं नाहीस. पण पान काढलंस कशाला?"

"नवरा गेला आनि बायको झोपली, असं कोण लिवतंय का बाई? माणसं काय म्हणतील? आनि घरात सासू हाय. तिचा ल्योक गेला तवा मी झोपलो."

"लिहिलंयस की तू. फक्त दिलं नाहीस."

तिनं कागदाच्या परत चार घड्या घातल्या आणि गेली. पुढच्या महिन्यात पाचवा निबंध आला, तो कारखान्यातल्या कँटीनवर. चांगला होता, तेहतीस. तिसऱ्या पानाचा विषय तिनं काढला नाही आणि मीही नाही.

सहाव्या निबंधाला विषय मोकळा असायचा. ज्याला जे हवं ते त्यानं लिहावं. सुनंदानं तोच दिवस पुन्हा लिहून आणला. या वेळी सुरुवातच दुपारी दोनच्या गजरानं होती. डोंगर नव्हता, काळाचा घाला नव्हता. नवरा टेम्पोत बसल्या बसल्या खिडकीतून हात काढून ओळखीच्या प्रत्येकाला हाक मारायचा आणि झटका आल्यावर एकच हात चालत होता तरी भिंतीकडे तो हलवत राहायचा, हे होतं. चार पानं, प्रत्येकावर क्रमांक घातलेला. तेव्हापासून आमच्या वर्गात पानांना क्रमांक घालायचा नियमच झाला.

मी आधी पेन न घेता वाचला, मग दुसऱ्या दिवशी उलट्या क्रमात त्याची पाळी येईपर्यंत थांबून पेन घेऊन वाचला. मांडणीत मध्ये एक जागा सैल होती, तिथं खूण केली. सदतीस. मगदूम सरांचे एकोणचाळीस. आमच्या दोघांच्या इतक्या वर्षांत त्यांचे गुण माझ्यापेक्षा जास्त आल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

वर्षाच्या एकूण गुणांत ती दुसरी आली. चाळीस तसेच राहिले असते तर सहज पहिली आली असती. पहिले आले ते वकिलाकडचे कारकून.

शेवटच्या रविवारी समारोप असायचा. पहिल्या तिघांनी आपापला एक निबंध वाचायचा, घरच्यांना बोलवायचं, मग चहा आणि चिवडा. सुनंदा आदल्या रविवारी म्हणाली, "शेवटचा वाचतो मी. सासूला आणणार हाय."

मला धक्काच बसला. "त्यांना घरी वाचून दाखवलास का?"

"न्हाय."

"अगं, आधी घरी वाच. सगळ्यांसमोर एकदम कानावर पडलं तर त्यांना कसं वाटेल?"

"घरात वाचलो तर मधीच थांबणार मी. हितं थांबता येत न्हाय."

मगदूम सरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "तिला कळतंय ती काय करतेय ते." पण त्या रविवारी तेही नेहमीपेक्षा लवकरच्या बसनं आले.

सासू, यल्लूबाई, सत्तरीच्या पुढच्या. हिरवं इरकल नेसून दुसऱ्या ओळीत टोकाला बसल्या होत्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. सुनेचं नाव पुकारल्यावर त्यांनी शेजारच्या नर्सबाईंना सांगितलं, "आमची हाय."

सुनंदा वाचायला लागली. टेम्पो आला, खिडकीतला हात आला. यल्लूबाई मान हलवत होत्या. गजर बंद करण्याचा भाग आला तेव्हा त्यांची मान थांबली. "आपण रडायला पाहिजे असं वाटत होतं, पण झोपच पुढं आली," हे वाक्य सुनंदानं कागदावरून डोळे न काढता वाचलं. मी यल्लूबाईंकडे बघायचं टाळत होते आणि तरी बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

सुनंदा शेवटाला आली. "सासूनं दार लावलं आणि बाहेर उंबऱ्यात बसून राहिली. भेटायला आलेल्यांना ती म्हणाली, तिला उठवू नका."

"लावलं न्हवतं गं," दुसऱ्या ओळीतून आवाज आला.

सगळे वळले. यल्लूबाई बसल्या जागेवरून, घरात बोलावं तशा बोलत होत्या. "लोटलं हुतं. लावल्यावर आतनं काय झालं तर कळंल कसं?"

काही जण हसले. सुनंदाही किंचित हसली. "बरं, लोटलं."

"आनि उंबऱ्यात कुठं बसलो हुतो मी? कुणी सांगितलं तुला?"

"जाऊबाई म्हणाली."

"ती तवा पानी तापवत हुती, तिला काय ठाव. चार मान्सं आली, ती मी परत धाडलो. मग आत आलो आनि तुझ्या पाठीला पाठ लावून पडलो. चार वरसं मीबी जागीच हुतो की गं. मलाबी झोप लागली."

सुनंदानं हातातला कागद खाली घेतला. मग म्हणाली, "मला ठाव न्हवतं, आत्या."

"कसं असंल? घोरत हुतीस तू."

आता सगळं सभागृह हसलं, आणि हसताना बरेच जण डोळेही पुसत होते. मगदूम सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. मला वाटलं, सुनंदा आता खाली उतरेल. ती उतरली नाही. माझ्याकडे येऊन तिनं पेन मागितलं, टेबलावर कागद ठेवला, दोन ओळी खोडल्या आणि वरच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. मग परत माईकपाशी गेली आणि शेवट पुन्हा वाचला.

"सासूनं दार लोटलं. चार माणसं परत पाठवली. आणि माझ्या पाठीला पाठ लावून तीही झोपली."